दम, राग, भरती आणि माया

आमच्या ऑफिसात बग आणि किस्से सारख्याच वेगानं साठतात. फरक एवढाच, की बग आम्ही अधूनमधून काढून टाकतो!

ऑफिस म्हणजे रत्नागिरीत एका मेडिकलच्या दुकानावरचा हॉल. माणसं चार. नितीनदादा मालक, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला. संदेश प्रोग्रॅमर, अलोऱ्याला धरणाच्या कॉलनीत वाढलेला. रुबीना मिरकरवाडा बंदरावरची, चित्रं तिची. आणि मी डिझायनर. आम्ही एक ऑनलाइन गेम करतोय. त्यात खेळणारा आधी आपला क्लास निवडतो : लढवय्या, खलाशी नाहीतर वैदू. लढताना प्रत्येक डावाला कसली तरी ताकद खर्च होते. स्क्रीनवरच्या पट्टीत दिसणारी ही ताकद कशानं भरायची आणि कशानं संपायची, हे ठरवणं माझं काम.

गेम बाजारात आणणार बेंगळुरूची एक कंपनी. तिथल्या मॅडमनी पहिलं व्हर्जन खेळून मेल टाकला, "तीन क्लास आहेत कुठे? एकच पट्टी तीन रंगांत दिसतेय. बदला, नाहीतर आपण इथेच थांबू." कंपनी थांबली की ऑफिस बंद आणि आम्ही सगळे बॅगा भरून पुण्याला. मला रत्नागिरी सोडायची नव्हती. मी त्याच दिवशी ठरवलं, गेम इथेच होणार आणि मराठी नावांनीच होणार!

*

तिन्ही क्लासना धावायला, उड्या मारायला जी ताकद लागते तिला मी नाव दिलं 'दम'. सगळ्यांना आवडलं. त्याच आठवड्यात संदेशनं गेम लोड होतानाच्या स्क्रीनवर 'प्लीज वेट' काढून मराठीत लिहिलं, 'दम धरा'.

टेस्टिंगला कॉलेजची पोरं बोलावली होती. त्यातला एक उडीचा स्पेसबार दाबून बसला. गेम सुरू झाला तरी बोट उचलेना.

"अरे, काय करतोयस काय?" मी विचारलं.

"दम धरलाय! स्क्रीनवरच लिवलंय ना?"

*

दम भरून काढायला रुबीनानं कोकम सरबताचा पेला काढला. सुंदर, लालभडक. पण गेम खेळणाऱ्यांच्या डोक्यात लाल म्हणजे जीव वाचवणारं औषध! एक पोरगा मरायला टेकला की घटाघट कोकम प्यायचा, आणि मरायचाच. दमाची पट्टी मात्र काठोकाठ.

"मेला," संदेश म्हणाला, "पण दमात मेला!"

मी रुबीनाला रंग बदलायला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोकम हिरवं करू? आई घरात घ्यायची नाही मला!"

शेवटी कोकम लालच राहिलं आणि जिवाचं औषध हिरवं झालं.

*

लढवय्याची ताकद म्हणजे राग. मार बसला की राग भरतो, राग भरला की मोठा वार. कागदावर झकास! खेळायला बसल्यावर मात्र एकही लढवय्या हात उचलेना. सगळे राक्षसापुढे गप्प उभे राहून मार खात होते. मग राग भरला की एकच दणका, राक्षस आडवा.

नितीनदादा बराच वेळ बघत होता. "हा लढवय्या नाही गो. हा आपला संदेश आहे. दिवसभर ऐकून घेतो आणि संध्याकाळी फाडकन बोलतो!"

संदेश काहीच बोलला नाही.

संध्याकाळी बोलला!

*

दापोलीची मावशी आणि काका घरी आले होते. मावशीनं विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय गो?" मी समजावलं, कोणाचा राग किती वेगानं भरावा आणि किती वेळात उतरावा, ते मी ठरवते.

मावशीनं हातातला चहा खाली ठेवला. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या काकांचं काही जमतंय का बघ ना!"

*

खलाशी ही नितीनदादाची आयडिया. त्याची ताकद भरती-ओहोटीसारखी. भरतीला वार जोरात, ओहोटीला सावध राहायचं. संदेशनं दोन दिवस खपून कोड लिहिला. गेममधल्या सकाळी भरती, रात्री ओहोटी, एकदम शिस्तीत.

रुबीना खुर्चीतून पडायचीच बाकी होती. "अरे बाबा, दिवसातनं दोनदा भरती येते! रत्नागिरीत राहतोस आणि एवढं ठाऊक नाय?"

संदेश अजिबात वरमला नाही. "मी धरणाकडचा माणूस. आमच्याकडे पाणी साहेब सोडतात!"

मी मात्र तिथेच अडकले. पाणी सोडायचं खेळणाऱ्याच्याच हातात दिलं तर? भरती साठवायची आणि आपल्याला हवी तेव्हा सोडायची. खलाशी त्या दिवशी खरा जमला.

*

लढवय्याचा राग आता वार केल्यावरही भरत होता. राहिला वैदू. इतरांच्या जखमा भरणारा हा क्लास कोणी निवडतच नव्हतं. लढाईपासून लांब एका कोपऱ्यात बसून ताकद भरायची, कंटाळवाणं काम! मी ते सगळं पुसून टाकलं. आता वैदूची ताकद एकट्यानं बसून भरतच नाही. जखमी साथीदाराजवळ, राक्षसाच्या टप्प्यात उभं राहिलं तरच भरते. नाव ठेवलं 'माया'.

निकाल सांगायला मॅडम स्वतः आल्या. सकाळी आल्या, दुपारच्या ट्रेननं परत जायच्या होत्या. लढवय्या बघितला, खलाशी बघितला, पसंतीची मान डोलावली. वैदूपाशी थांबल्या. "माया? बेंगलोर में कौन समझेगा? 'माना' लिखो, हर गेम में जादू की ताकत को सब वही लिखते हैं."

"मॅडम, पहले खेलिए. फिर आप जो बोलेंगी वही लिखूँगी," मी म्हणाले. आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

मॅडम वैदू झाल्या, संदेश लढवय्या. संदेश पडला, मॅडम पडल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा दोघं पडले. चहावर साय धरली. तेवढ्यात सकाळी त्यांना स्टेशनवरून आणणारे रिक्षावाले काका जिना चढून वर आले.

"मॅडम, चलो. ट्रेन का टाइम झाला."

मॅडमनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "रुको भैया, माया भर रही है!"

"ट्रेन जायेगी ना!"

"जाने दो!"

रुबीनानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

काकांनी हॉलभर नजर फिरवली, मग माझ्या कानाशी आले. "बाय गो, ही माया कोन? तिची बॅग भरून व्हईपर्यंत थांबतो खाली. दोघींना एकदमच सोडतो!"