खरंच मागतोस ना?

साइमीच्या चुलीवरून कॉफीची किटली खाली उतरायची ती फक्त घासायला. स्वीडनच्या सीमेवर, नदीकाठच्या आमच्या गावात भांडणं काही कमी नव्हती, आणि भांडण झालं की दोन्हीकडच्या बाया शेवटी तिच्याच टेबलाशी येऊन टेकायच्या. खालच्या आळीतल्या दोन जावांनी एकदा गवताच्या दाताळ्यावरून अख्खा उन्हाळा अबोला धरला. साइमीने दोघींना एकाच दिवशी बोलावलं, आणि आल्यावर त्यांना एकाच बाकावर बसवलं.

"आधी तिनं मागावी क्षमा," एक म्हणाली.

"मी? दाताळं मोडलं कुणी?"

"दाताळ्याला क्षमा नकोय, बायांनो," साइमी कॉफी ओतत म्हणाली, "तुम्हाला हवी आहे. बोल, खरंच मागतेस ना? का कॉफी गार होतेय म्हणून?"

दोघी आधी हसल्या, मग ढसाढसा रडल्या. साइमीने एकेकीच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "येशूच्या नावाने आणि त्याच्या रक्ताने तुझ्या सगळ्या पापांची क्षमा झाली आहे. विश्वास ठेव." मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोघींच्या कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले आणि गवत कसं काय झालं त्याची चौकशी केली.

आमच्याकडे या कामाला पाद्री लागत नाही. जो विश्वासात आहे त्या कुणीही, गोठ्यात म्हणा, सरपणाच्या ढिगाशी म्हणा, दुसऱ्याला हे शब्द सांगावेत, आणि ते स्वर्गात धरले जातात. अट एकच. मागणाऱ्याने मनापासून मागायला हवी. क्षमा देवाची आहे, सांगणारा नुसता निरोप्या, आणि निरोप्याने आपल्या मर्जीने निरोप वाटत सुटायचं नसतं. साइमीला ही शिकवण अंगच्या कपड्यासारखी झाली होती. प्रार्थनाघरातले उपदेशकसुद्धा कुठे अडले तर तिच्याकडे बघायचे. नेस्तोरी तर उघडच म्हणायचा, "मी उपदेश करतो तो साइमी झोपलेली नाही ना हे बघत. ती मान हलवते तोवर मी बरोबर आहे."

एवढ्या सगळ्या गावाला क्षमा सांगणाऱ्या बाईच्या घरात एकच माणूस असा होता की ज्याला ती कधी सांगता आली नव्हती. तिचा धाकटा, टाउनो.

टाउनो तिचा जीव की प्राण. लहानपणी स्टुलावर उभा राहून रविवारचा उपदेश जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, नेस्तोरीच्या खोकल्यासकट. मुलांना तिने एकच गोष्ट हात उगारून शिकवली होती, खोटं बोलायचं नाही. ती टाउनोने इतकी मनावर घेतली की पुढे तिलाच जड गेली. मिसरूड फुटल्यावर तो इतर पोरांसारखा स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात घरी आला तेव्हा जेवायच्या टेबलावर त्याने हात जोडले नाहीत.

"आई, मला ते आता खरं वाटत नाही," तो म्हणाला. "उगाच खोटे हात जोडू का?"

"नको," साइमी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

तिने त्याला घराबाहेर काढलं नाही, की त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. काही घरांत तसं झालं, तिच्या घरात नाही. दर उन्हाळ्यात तो यायचा, छप्पर नीट करायचा, तिला होडीत बसवून मासे धरायला न्यायचा. दारातच दोघांची थट्टा सुरू व्हायची.

"काय रे पाप्या, आलास?"

"आलो. ही घे कॉफी, गोथेनबर्गची. पाप्याच्या हातची चालते ना?"

"कॉफीला कसला आलाय धर्म. आण इकडे."

तो परतीच्या बसमध्ये बसला की मात्र साइमी थेट गोठ्यात जायची आणि गाईच्या पाठीला कपाळ टेकून रडायची. नरक ही तिच्या लेखी उपदेशात भीती घालायला सांगायची गोष्ट नव्हती. नदी आहे, पलीकडे स्वीडन आहे, तसा नरक आहे. आणि आपला टाउनो त्या वाटेने चालला आहे. तिचं देवाकडे एकच मागणं असायचं, एकदा, फक्त एकदा त्याला मागू दे. पुढचं मी बघते.

एका वर्षी नदीचं बर्फ फुटायला लागलं तेव्हाच, उन्हाळ्याच्या आधी, टाउनो घरी आला. जठराचा कर्करोग होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याच्या बायकोने त्याला कधीच सोडलं होतं. साइमीने त्याची खाट नदीकडच्या खिडकीशी लावली. थोरली लेक रायली तिच्या मदतीला येऊन राहिली. नेस्तोरी रोज यायचा, आधी माशांचं बोलायचा, मग हळूच आत्म्याचं. टाउनो ऐकून घ्यायचा. म्हणायचा, "नेस्तोरीकाका, तुमचा खोकला अजून तसाच आहे." मग दोघं हसायचे, आणि नेस्तोरी स्वयंपाकघरात येऊन टोपी हातात फिरवत उभा राहायचा.

"काही म्हणाला का?" साइमी विचारायची.

"नाही."

ती पुन्हा पीठ मळायला लागायची. तिचं स्वतःचं जेवण तुटलं होतं, अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते. टाउनो खाटेवरून तिच्याकडे बघत राहायचा. त्याला सगळं दिसत होतं.

एका दुपारी ती त्याचे पाय धूत होती. नदीवरचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, आणि बाहेर बर्फाचे शेवटचे ढलपे एकमेकांवर घासत चालले होते. टाउनो म्हणाला,

"आई, मला क्षमा सांग."

तिच्या हातातलं फडकं घमेल्यात पडलं. ज्यासाठी तिने गाईंच्या पाठी भिजवल्या होत्या ते शब्द आले होते. तिचे ओले हात त्याच्या गळ्याकडे गेलेसुद्धा. सगळं वाक्य तिच्या ओठांवर होतं. आणि मग तिने त्याचा चेहरा पाहिला. न आवडणारी लापशी पाहुण्यांसमोर मुकाट्याने गिळताना तो लहानपणी जसा करायचा, तसा तो चेहरा होता. आईच ती, तिच्या नजरेतून सुटणार कसा?

"खरंच मागतोस ना, टाउनो?" तिने विचारलं. "का माझ्यासाठी?"

त्याने नजर नदीकडे वळवली.

"तू असं विचारल्यावर खोटं कसं सांगू, आई," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

तिचे हात खाली आले.

"मग मला देता येत नाही रे, राजा. ती माझी नाही. माझी असती तर..."

"ठाऊक आहे मला," टाउनो म्हणाला, आणि त्यानेच तिच्या हातावर थोपटलं. "रडू नकोस. पाणी गार होतंय बघ."

तिने त्याचे पाय पुसले, मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धार काढायला गेली असताना तो गेला. रायली गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हाच साइमीला कळलं. तरी तिने हातातली गाय पुरी पिळली, कारण उठून कुठे जायचं ते तिला सुचेना.

आमच्याकडे माणूस गेला की लोक आधी हळहळतात, आणि मग आवाज खाली करून एकच गोष्ट विचारतात. नेस्तोरीनेही विचारली. प्रेताशेजारी उभ्या असलेल्या आईला हे विचारताना म्हाताऱ्याचा आवाज कापत होता.

"साइमी, मागितली का गं त्यानं?"

खोली माणसांनी भरली होती. त्या जावाही होत्या, एकमेकींचा हात धरून. 'मागितली' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गावाने सुटकेचा श्वास टाकला असता, टाउनोसाठी स्वर्गात पोहोचलेल्या माणसाची गाणी म्हटली असती, आणि साइमीला म्हातारपणात डोकं टेकायला एक जागा राहिली असती. मुख्य म्हणजे ते खोटंही नव्हतं.

"मागितली," साइमी म्हणाली. नेस्तोरीचा चेहरा उजळतोय तोच ती पुढे बोलली, "माझ्यासाठी मागितली, स्वतःसाठी नाही. मी दिली नाही."

कुणाला कुठे बघावं ते कळेना. दफनाच्या वेळी नेस्तोरी जिवंतांनी कसं सावध राहावं यावर बोलला. पेटीतल्या माणसाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी काय बोलला असता? शिकवण सगळी बरोबर होती. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि हेच साइमीच्या काळजात रुतलं.

घरी आल्यावर रायली कडाडली.

"एक शब्द कमी बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? आणि त्या दिवशी तरी विचारायची काय गरज होती? मीच म्हटलं होतं त्याला, आई अन्नाला शिवत नाही, तू नुसतं तोंडानं म्हण, तुझं काय जातंय. कळलं? मी म्हटलं होतं."

साइमी खुर्चीत बसली. "मग काय म्हणाला तो?"

रायलीचा राग एकदम ओसरला. तिला पुढचं सांगवेना, पण आता न सांगून चालणार नव्हतं.

"म्हणाला, मी आईशी आजवर एकदाही खोटं बोललो नाही. माझ्यापाशी चांगलं म्हणावं असं तेवढं एकच उरलंय, ते पण मोडू का? मी म्हटलं, मोड. तर भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला म्हणाला."

रात्रीच्या जेवणासाठी साइमीने बटाटे सोलायला घेतले, आणि सोलता सोलता सगळा ढीग सोलून टाकला. दोघींना एवढ्यांचं काय करायचं होतं?

त्या उन्हाळ्यात तिच्याकडे क्षमा मागायला आलेल्या बायांना कॉफी मिळाली, चीज मिळालं, पण ते शब्द मिळाले नाहीत. "दुसरीकडे जा गं," ती म्हणायची. "माझ्याकडून नाही होत." गावात कुजबुज सुरू झाली. पानं पिवळी पडली तसा नेस्तोरी येऊन त्याच जुन्या बाकावर बसला.

"साइमी, रोग जुनाट करू नये. काय ते बोलून टाक."

"तू उपदेशक आहेस, तूच मला सांग," ती म्हणाली. "ख्रिस्त कुणासाठी मेला? स्वतःच्या पापांसाठी?"

"हे काय विचारणं झालं? आपल्यासाठी."

"त्याच्यावर स्वतःचा काही डाग नव्हता. तरी दुसऱ्यासाठी तो डागी व्हायला तयार झाला. बरोबर आहे ना मी?"

"बरोबर आहे."

"टाउनोकडं खरेपणा तेवढा उरला होता, नेस्तोरी. मरताना माणूस काय धरून ठेवील, ते. तो त्यानं माझ्यासाठी उचलून माझ्यापुढं ठेवला. आई जेवत नाही म्हणून. आणि मी विचारलं, कुणासाठी मागतोस?" तिचा आवाज फुटला. "मी विचारलं! जन्मभर मला ते रक्त तोंडपाठ, तो क्रूस तोंडपाठ. तू चुकलास तर मान हलवायची नाही मी. आणि तेच माझ्या घरात, माझ्या घमेल्यात पाय बुडवून बसलं होतं, तर मला ओळखता आलं नाही."

नेस्तोरी भला माणूस होता, त्याने उत्तर द्यायचा आवही आणला नाही. तो उठला, त्याने तिच्या गळ्यात हात टाकला आणि रडतच ते वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तिने मागितलं नव्हतं, तरी म्हटलं. "विश्वास ठेव, साइमी," तो म्हणाला. "झाली आहे क्षमा. विश्वास ठेव."

साइमी डोळे मिटून बसून राहिली. तिने मनापासून प्रयत्न केला. जे शब्द तिने सगळ्या गावाला वाटले होते, ते आता तिच्या कानापर्यंत येत होते आणि तिथेच थांबत होते. आत काही हलत नव्हतं. नेस्तोरी वाट बघत होता. त्याला बरं वाटावं म्हणून 'ठेवला' म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"नाही रे ठेवता येत," ती म्हणाली. "नाही म्हणजे, हवा आहे. पण येतच नाही."

बोलता बोलता ती थांबली आणि खिडकीशेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघू लागली.

"टाउनोलाही असंच होत होतं, नेस्तोरी. इतकी वर्षं. याच टेबलाशी तो असा बसायचा, एकटा. आणि मला वाटायचं, त्याला नकोच आहे."

नेस्तोरीने तिचा हात धरला. चुलीवरची कॉफी आटून गेली, तरी त्याने तो सोडला नाही.