ढेपीचा नंदी

मुलांनी स्वतःच्या हातानं काहीतरी करायला शिकावं, म्हणून मी आमच्या मुलीला कशालाही हात लावू दिला नाही.

मुलगी म्हणजे चिऊ, वय वर्षं पाच. आम्ही रिसोडजवळ भाजीपाला पिकवणारी माणसं. पण मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला आणि माझ्यातला शिक्षणतज्ज्ञ जागा झाला. प्रत्येक ऋतूत मुलांकडून घरच्या घरी एकेक वस्तू करून घ्या, असं त्या सांगत होत्या. (त्यांच्या मुलांचे कपडे शेवटपर्यंत पांढरे होते. तिथंच मला शंका यायला हवी होती.)

पोळा तोंडावर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, म्हणजे मुलांनी आपापले लाकडी नंदी ओढत पारावर आणायचे आणि बक्षीस मिळवायचं. यंदा आपला नंदी आपणच करायचा, असं चिऊनं ठरवलं होतं. गल्लीभर तसं सांगूनही झालं होतं.

"लाकडाचा नंदी हाये ना माळ्यावर," आई मला म्हणाली. "कायले चिखल करून राह्यला?"

पण मी कुणाचं ऐकतो! आधी काळ्या मातीचा बैल केला. वाळताना त्याला आमच्या शेतासारख्याच भेगा पडल्या आणि मागचे दोन पाय त्याला सोडून गेले. मग तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कणकेवर आलो. बायकोनं मोजून एक वाटी कणीक दिली. तेवढ्यात बैलाचं डोकंच झालं असतं, म्हणून मी गोठ्यातली सरकीची ढेप, म्हणजे गुरांची पेंड, भिजवून तीत मिसळली. रंग खुलावा म्हणून गूळ घातला. शिंगं भेंडीची, गळ्यात चवळीच्या शेंगांची माळ, पाठीवर मेथीची झूल. चिऊ सारखी बोट पुढे करायची आणि मी म्हणायचो, "हात नको लावू, बिघडून जाईन."

"पोरगी बसून राह्यली अन् तुमीच खेळून राह्यले," बायको म्हणाली. मी तिला बालमानसशास्त्र समजावलं. ती भांडी घासायला निघून गेली.

नंदी तयार झाला. मी आंघोळ करून आलो, तर पाटावर चवळीच्या माळेचा दोरा उरला होता आणि शेजारच्या साळूकाकूंची बकरी तृप्त चेहऱ्यानं रवंथ करत होती. ढेप, गूळ, मेथी, शेंगा! जावयाला कुणी इतकं वाढत नाही.

मी माळ्यावरचा नंदी काढायला धावलो. तोवर चिऊनं बकरीचा दोर धरला आणि ती थेट पाराकडे निघाली. मी मागून पळालो.

बक्षीस द्यायला बसलेल्या गुरुजींनी तिला विचारलं, "बाई, तुहा नंदी कुठी हाये?"

"हिच्या पोटात."

"केला कोनं होता?"

"बाबानं."

"मंग तू काय केलं?"

"मी चारला," चिऊ म्हणाली. "बाबा मले हातच लावू देत नोहते."

सगळा पार हसला. साळूकाकू तर बकरीला धरून हसल्या. या उपक्रमात पोरीनं स्वतःच्या हातानं केलेलं एवढं एकच काम, आणि गुरुजींनी त्यालाच उत्तेजनार्थ बक्षीस दिलं: रंगीत खडूंची पेटी.

घरी आल्यावर मी मोठ्या मनानं म्हटलं, आण, तुला छान बैल काढून देतो. चिऊनं पेटी पाठीमागे लपवली.

"बाबा, तुमी हात नका लावू," ती म्हणाली. "बिघडून जाईन."