पुढे केलेला पाय

त्याने पाय पुढे केला.

उजवा पाय. गोरा, गुबगुबीत, नखं घासून चकचकीत केलेली. मी त्याच्यासमोर चिखलात उभी. हातात त्याची सँडल, आत्ताच पाण्यात उतरून काढलेली. अंगावर गाईड कॅप्टनचा गणवेश, गळ्यात स्कार्फ, कमरेपासून खाली सगळं चिंब. मागे काठावर माझं पथक. पाचवी-सहावीची मुलं, लाइफ जॅकेट घालून रांगेत. आणि हा माणूस फोनवर बोलतोय. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नुसता पाय पुढे.

मी वाकले. सँडल त्याच्या पायात घातली. पट्टा लावला.

मागे मुलं खुसखुसली.

तो आमच्या शाळेचा ट्रस्टी. त्याचा मुलगा आर्यमान माझ्या पथकात, सहावीत. कर्जतच्या पुढे एका धरणाच्या पाण्याकाठी आमचं शिबिर होतं. तंबू ठोकायचे, चुलीवर रांधायचं, कनू चालवायच्या. कनू म्हणजे दोघांनी बसून वल्हवायची अरुंद होडी. मुलं बसमधून आली. काही बाप मागोमाग गाड्या घेऊन आले आणि टेकडीपलीकडच्या रिसॉर्टवर उतरले. मुलांवर लक्ष ठेवायला म्हणे. लक्ष कसलं! एसी लावून झोपायचं, उठून काठावर यायचं, मुलाच्या कनूत बसून फोटो काढायचा. फोटो काढून उतरताना याची सँडल पाण्यात गेली.

"ए, ती सँडल बघ गं जरा," तो म्हणाला.

त्याच दिवशी सकाळी शाळेच्या गेटवर मी 'मॅडम' होते. 'अहो मॅडम, काळजी घ्या हं मुलांची.' मग बस सुटायच्या आधी त्याने विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" मी सांगितलं. आडनाव ऐकून तो थांबला. म्हणाला, "अच्छा." एवढंच. त्या 'अच्छा'नंतर मी त्याच्यासाठी 'ए' झाले. अमराठी असता तर म्हटलं असतं, भाषेचा घोळ असेल. पण हा शुद्ध मराठीवाला. 'तुम्ही' कधी म्हणायचं आणि 'ए' कधी, हे याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

मी लालबागची. चाळीत वाढले, परळच्या म्युनिसिपल शाळेत शिकले. स्काऊट-गाईड तिथेच भेटलं. पुढे चाळीतल्या ट्रेकवाल्या पोरांबरोबर डोंगर फिरले, वल्हं मारायला शिकले. गिरगावापलीकडच्या या शाळेत पीटी टीचर म्हणून लागले. कंत्राटी. दर वर्षी नवं कंत्राट, दर वर्षी नवी धाकधूक. पथक मी उभं केलं. आधी शाळेत पथकच नव्हतं, जाहिरातीत नुसते गणवेशातले फोटो होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं पाण्यावर जायला तयार होत होती. आर्यमान एका दगडावर बसला होता. त्याच्यासमोर सानिका उभी होती. सानिका कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, कोट्यातून शाळेत आलेली. फी माफ. आई बोंबील सुकवते, विकते. आर्यमान घड्याळात बघत होता. बघता बघता त्याने पाय पुढे केला.

"बांध," तो म्हणाला.

सानिका खाली बसली आणि त्याच्या बुटाची लेस हातात घेतली.

अकरा वर्षांचा पोर. तोच पाय. तसंच दुसरीकडे बघणं. बापाने शिकवलं नव्हतं, नुसतं करून दाखवलं होतं. सगळ्या पथकाने पाहिलं होतं. टीचरच वाकते म्हटल्यावर सानिकाने का वाकू नये?

राग आदल्या दिवशी यायला हवा होता. तो आत्ता आला.

"सानिका, ऊठ."

"टीचर, बांधते ना मी. मला येतं."

"तुला येतं ते मला माहितीय. ऊठ."

ती उठली. आर्यमानचा पाय तसाच हवेत.

"तुझी लेस तू बांध," मी म्हटलं.

"मला नाही येत."

"मग शिक. तुझी लेस बांधून होत नाही तोवर एकही कनू पाण्यात जाणार नाही."

तो रडला. बापाचं नाव घेतलं. बुटाच्या आत लेस कोंबून बघितली. मी त्याच्या शेजारी बसले, माझ्या बुटाची लेस सोडली, सावकाश बांधून दाखवली. परत सोडली, परत बांधली. त्याच्या पायाला हात लावला नाही. काठावर कनू कोरड्या पडून. मुलं वैतागली. "लवकर बांध ना रे!" कोणीतरी ओरडलं. शेवटी त्याने एक वाकडीतिकडी गाठ मारली. मारली ना. बस.

दुपारी जेवणं झाल्यावर भांडी घासायची पाळी आर्यमानच्या गटाची होती. खिचडीचं पातेलं बुडाला करपलेलं. तो राखेने खरवडत होता, कोपरापर्यंत काळा. आणि मजेत होता. खरं सांगते, शिबिरात पहिल्यांदा मजेत होता. तेवढ्यात बाप आला.

"हे काय चाललंय?"

"भांडी घासतोय," मी म्हटलं.

"माझा मुलगा भांडी घासणार?"

"जेवलाय तो. घासणार."

"त्या मुलांना सांग ना. ती आहेत कशाला?"

"त्या म्हणजे कोणत्या?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय."

"नाही कळत. बोला. मुलं ऐकतायत, नीट बोला. आणि मला अहो म्हणा. मी या पथकाची प्रमुख आहे."

आयुष्यात कोणी याला विचारलंच नसावं, की तू म्हणतोस ते सरळ म्हणून दाखव. अशी माणसं अर्धं बोलतात, उरलेलं अर्धं आपण समजून घ्यायचं आणि वाकायचं. मी समजून घेतलं नाही. उभी राहिले. मग ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"फुकटात आलीत ती. फुकटात! काम करायला काय जातं त्यांचं?"

पातेल्यावरचे हात थांबले. सानिका पाण्याची बादली घेऊन येत होती, तिथेच उभी राहिली. आर्यमान बापाकडे बघत होता. मला वाटलं होतं उठून गाडीकडे पळेल. उठला नाही. मान खाली घालून खरवडायला लागला.

"सोमवारी शाळेत बघतो तुला," बाप म्हणाला. आणि मुलाला दंडाला धरून घेऊन गेला. पोराचे हात तसेच राखेने माखलेले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढते. हात कायम भगभगतात. रात्रीसुद्धा डोळ्यांना लावता येत नाहीत. भांड्यांचं ऐकून ती खूश होईल असं वाटलं होतं. ती सँडलपाशीच अडकली.

"तू वाकलस कित्याक?"

"नोकरी आहे गं आई."

"नोकरी माका पण आसा. मी मिरच्यांच्या ढिगार वाकतंय. कोणाच्या पायार नाय."

आणि जेवण वाढलं.

सोमवारी मुख्याध्यापिकेने बोलावलं. दादरच्या बाई. आवाज कधी चढत नाही, साडी कधी चुरगळत नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. मला त्या ट्रस्टीपेक्षा या बाईंचा जास्त संताप आला. तो निदान उघड बोलला.

"मला तुमचं पटतं हो," त्या म्हणाल्या. "पण जरा ॲडजस्ट करायला शिका. त्यांना एक फोन करा, सॉरी म्हणा. विषय संपेल."

"कशाबद्दल सॉरी?"

"असं शब्दात पकडू नका. तुम्ही पर्मनंट नाही आहात, हे लक्षात घ्या."

"लक्षात आहे. सॉरी म्हणणार नाही."

त्यांनी चहाकडे बघितलं. पथक माझ्याकडून काढून घेतल्याचं त्याच गोड आवाजात सांगितलं. आता शिबिरं एक कंपनी नेते. तंबू आधीच ठोकलेले असतात. जेवण वाढपी वाढतात. कनूत एक माणूस मागे बसून वल्हवतो आणि पुढे मुलं फोटो काढतात. पालक फार खूश आहेत म्हणे. असणारच. मुलांना काही येऊ नये म्हणूनच तर ते इतकी मेहनत घेतात.

त्याच आठवड्यात गेटवर सानिकाची आई थांबली होती. मला वाटलं, आभार मानायला आली.

"टीचर, कशाला केलं तुम्ही?" ती म्हणाली. "पोरं तिला फुकटी म्हणतात आता. आधी कोणाला म्हायत पण नव्हतं. तुम्ही जाल सोडून दुसरीकडे. तिला रोज इथंच बसायचंय."

तिचं खरं होतं. त्या माणसाला बोलायला मी लावलं. तो शब्द आता वर्गात फिरत होता, आणि फिरत होता तो सानिकाभोवती.

तेव्हा ठरवलं. पथक गेलं त्याच दिवशी दुसऱ्या शाळेत अर्ज केला होता, तो मागे घेतला. आता रोज सकाळी गेटवर उभी असते. 'फुकटी' म्हणणाऱ्या प्रत्येकाला थांबवते, तो कोणाचाही असो, आणि सगळ्यांसमोर विचारते, "काय म्हणालास? मोठ्याने बोल." मुख्याध्यापिका वरच्या खिडकीतून बघतात. बघू देत.

कंत्राट मेमध्ये संपतं. काढायचं तर त्यांनी काढावं, तोंडावर सांगून, कारण देऊन. मी आपणहून जाणार नाही.