सुईणमामा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना सुईणमामा म्हणत. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सांभाळायच्या, पाणी बदलायचं, उकडलेला पाला घालायचा, काचेवर अंड्यांचे पुंजके दिसले की मॅडमना सांगायचं. एवढ्या बाळंतपणांचं श्रेय घेणारा पुरुष दुसरा कुठे सापडायचा नाही.

त्या सकाळी, प्रयोगासाठी जिच्यात जंत सोडले होते त्या एकट्या गोगलगायीच्या बरणीची काच अंड्यांनी माखली होती. मामा म्हणाले, "मॅडम, हिला जंतांची लागण झालेलीच नाही. बघा की, नेहमीपेक्षा जास्त अंडी!"

"झालीय, म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "आता जंत तिची अंडी बंद पाडतील. त्याआधी ती उरकून घेतेय. पुढे जगेल, अंगानं भरेलसुद्धा. पण अंडं एक नाही."

मामांनी बरणीवर झाकण ठेवलं. दिवसभर कामं होत राहिली. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. बायकोचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी दवाखान्यात त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून हे असंच होतं. तिला त्यांनी पित्त सांगितलं होतं. तिला कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. ती मशीनवर बसून नातीचे फ्रॉक शिवत सुटली होती. जीव रमलाय, म्हणून मामा खूश होते.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच त्या फ्रॉकांची चळत उलगडली. नात अजून रांगत होती. वरचा फ्रॉक तिच्या मापाचा होता. खालचा शाळेत जाणाऱ्या मुलीचा, त्याखालचा त्याहून मोठा.

"तुला कुणी सांगितलं?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच. औषधांची नावं कधी लक्षात ठेवता का तुम्ही? आणि या पित्ताच्या गोळ्या अगदी वेळेवर हातात!" ती हसली. "बरं झालं आलात. हा कॉलेजातला आहे. बाही किती धरू? उंचीला कुणावर जाईल ती?"

मामांना रडू येईना.

"तुझ्यावर," ते म्हणाले.

"मग घ्या माझंच माप."

तिनं हात पुढे केला. मामांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली. दंडाचा घेर मोजला, आणि टेपवरचा नाही, तिच्या पूर्वीच्या भरलेल्या हाताचा आकडा सांगितला.