गाय सोसते, घोडी सोसत नाही

कामशेतजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मी लोणावळ्यात एक खोली भाड्याने घेतली. आई नुकतीच गेली होती आणि लग्न मी केलं नव्हतं. दिवसभर गोठे हिंडायचे आणि संध्याकाळी कुलूप काढून आत शिरायचं. सुट्टीच्या दिवशी तर दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नसे.

टाकवे बुद्रुकच्या एका मावशींची गाय दोन महिने नीट खात नव्हती, दूध आटलं होतं. पोट उघडलं तर आत बोटभर तार सापडली, चाऱ्यातून गेलेली. पण गाईच्या शरीराने तिच्याभोवती जाड गाठ बांधली होती. सगळा पू त्या गाठीत कोंडलेला आणि बाकीचं पोट स्वच्छ. तार काढल्यावर आठवड्यात गाय पेंढा खाऊ लागली.

"मुकाट सोसलं बघा तिनं," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लोणावळ्यातल्या एका चाचांचा फोन आला. पर्यटकांना फिरवायला त्यांच्याकडे एकच घोडी होती. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला, त्यामुळे घरात ते एकटेच. आदल्या दिवशी कुंपणाची तार घोडीच्या पोटात घुसली होती. थेंबभर रक्त आलं, त्यांनी हळद लावली. सकाळी मी पोचले तेव्हा घोडी घामाने भिजली होती आणि हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. पोटात सुई घातली तर गढूळ पाणी आलं. संसर्ग आत सगळीकडे पसरला होता.

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. दुपारी घोडी गेली.

चाचा बराच वेळ तिची आयाळ विंचरत बसले. मग म्हणाले, "एवढीशी जखम, मॅडम. गाईच्या पोटातनं तुमी तारा काढता. त्या जगत्यात ना?"

"गाईचं शरीर संसर्गाभोवती लगेच भिंत घालतं, चाचा. घोड्याला ते तितकं जमत नाही. शिवाय जंतूंचं थोडंसं विष रक्तात उतरलं तरी त्याचं सगळं अंग पेटून उठतं."

"म्हंजी जखमेनं न्हाई गेली."

"जखमेपेक्षा त्या पेटण्यानं जास्त."

खड्डा खणायला जेसीबी येईपर्यंत मी थांबले. मला कुठे घाईने जायचं नव्हतं. नंतर त्यांनी घरी नेऊन चहा केला. दुसरा कप त्यांना फळीच्या मागे सापडला. त्यावर धूळ बसलेली होती, तो त्यांनी दोनदा धुतला.

थंडीत पुन्हा फोन आला. त्यांनी एक कोंबडी पाळली होती, तिचा तळपाय सुजला होता. मी गाठ चिरली आणि आतून पनीरसारखा घट्ट पिवळा गोळा काढला.

"पू कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"हाच पू. पक्ष्यांचा पातळ होत नाही, असाच घट्ट होतो."

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "लय तऱ्हा हायेत की."

कोंबडी बरी झाल्यावरही मी दोन रविवार तिचा पाय बघायला गेले. पायाला काही झालेलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या रविवारी चाचा म्हणाले, "लेकीनं बोलवून घेतलंय. हितं आता काय उरलंय?"

चांगलंच झालं, असं मी म्हणाले. त्यांच्यासाठी ते चांगलंच होतं.

बुधवारी मी एसटी स्टँडवर गेले. त्यांच्याकडे एक पिशवी होती आणि लेकीसाठी चिक्कीचा पुडा. कोंबडी शेजाऱ्यांना दिली होती.

"पाय सुजला तर तुमाला फोन करतील," ते म्हणाले.

"करू दे."

गाडी सुटल्यावर मी औंढ्याला गेले. तिथे एक म्हैस विताना अडली होती.