टाकीतलं हिरवं पाणी
गॅरेजात कूलंटचा गोडसर वास आला, की मला आमची जुनी व्हॅन आठवते. आत झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी अशी सगळी सोय मी करून घेतली होती. थंडीत पाणी गोठून नळ्या फुटतात, असं परदेशी व्हिडिओत पाहिलं आणि राजूरला आमच्या घराच्या अंगणात मी टाकीत रेडिएटरचं न गोठणारं कूलंट ओतलं. डब्यावर ‘विषारी’ लिहिलं होतं, तरी घरात कुणाला बोललो नाही. सकाळी बायकोने चहासाठी व्हॅनचा नळ सोडला. “अहो, हे हिरवं काय येऊन राह्यलं?” मी घाबरून म्हणालो, “शेवाळ असंल. फेकून दे.” स्वेटर नकोसं होईल अशा उन्हात ती दुपारपर्यंत टाकी घासत बसली. मग ओशाळून म्हणाली, “धुवायचं माझ्याकडूनच राह्यलं बघा.” मी म्हणालो, “असू दे.” माझीच चूक मी तिला कशी काय माफ केली, हे मला अजून उमगत नाही.