अप्पांचा सुजलेला हात

रविवारची सकाळ. केशवापुरातल्या आमच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि पोटात अशी कळ आली की ओली चादर हातात घेऊन तिथंच खाली बसले...

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. धारवाडच्या एका शाळेत मी शिकवायला लागले होते, रोज बसनं जाऊन-येऊन करायची. पोट अधूनमधून दुखायचंच, पण त्या दिवशीचं दुखणं वेगळं होतं. उलट्या थांबेनात. दुपारी अप्पांनी रिक्षा आणली आणि आई-अप्पा मला घेऊन हॉस्पिटलात गेले.

सर्जननी पोट दाबून बघितलं. अपेंडिक्स असावं म्हणाले, संध्याकाळी ऑपरेशन करू. आई पदरानं माझं कपाळ पुसायला लागली. मला तर दुखण्यापुढं काही सुचतच नव्हतं, काय ते एकदा कापून टाका असं झालेलं...

इथं एक सांगायला हवं. मला लहानपणापासून 'ॲलर्जी' होती, म्हणजे सगळे तसं म्हणायचे. कधी ओठ सुजायचा, कधी एक डोळा, कधी पाऊल इतकं फुगायचं की चप्पल शिरायची नाही. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायचं. आईनं एकेक पदार्थ बंद करत आणला होता... वांगं बंद, शेंगदाणे बंद, दही बंद. धारवाड भागात राहून भाकरीबरोबर शेंगाचटणी खायची नाही, ही काय शिक्षा आहे ते इकडच्या माणसांनाच कळेल.

तर ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरबाई माहिती घ्यायला आल्या. आईनं ॲलर्जीचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी विचारलं, "सूज येते तेव्हा खाज सुटते? अंगावर पित्त उठतं?"

मी म्हटलं, "नाही, कधीच नाही."

"ॲलर्जीच्या गोळीनं उतरते?"

"गोळी घेतली काय, न घेतली काय... तेवढेच दिवस लागतात."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष अप्पांकडं गेलं. अप्पा माझ्या उशाशी बसले होते आणि त्यांचा उजवा हात पुरीसारखा टम्म फुगला होता. बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "कैग एन आगेत्री?" हाताला काय झालंय म्हणून.

"एनिल्लरी," अप्पा म्हणाले, काही नाही हो. अप्पा तारिहाळला एका कारखान्यात फिटर होते. हातोड्याचं काम जास्त झालं की हात सुजतो, परवा दिवशी उतरेल, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. आम्हालाही त्यात कधी काही वाटलं नव्हतं. कष्टाचा हात, सुजणारच...

बाईंनी तो हात दाबून बघितला, मग माझं पोट बघितलं आणि तडक बाहेर गेल्या. सर्जनना घेऊनच परत आल्या. सर्जननी सगळं पुन्हा ऐकून घेतलं, सोनोग्राफी करायला लावली. अपेंडिक्स ठीक होतं. सुजलं होतं ते आतडं. "थांबू या, लक्ष ठेवू," ते म्हणाले. सलाइन लागलं, ऑपरेशन पुढं ढकललं... आणि मंगळवारी माझं पोट आपोआप शांत झालं.

दोघांचं रक्त आधी इथं तपासलं, मग मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू शिरला की ती एकामागून एक जागी होतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना वेळेवर आवरणारं एक प्रथिन असतं, ते आम्हा दोघांत जन्मतःच कमी. तेच प्रथिन सूज आणणाऱ्या आणखी एका साखळीलाही आवरतं... मार किंवा दाब बसला की ती सुटू शकते, आणि सुटली की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि जिथं झिरपेल तिथं सूज. ही ॲलर्जी नाहीच.

"आणि त्या दिवशी भूल द्यायला घशात नळी घातली असती, तर घसाही सुजून श्वास अडकू शकला असता," त्या शांतपणे म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे माझ्याकडून हिला आलं."

"हो अप्पा. आणि तुम्ही शेजारी बसला होता म्हणून कळलंही," बाई म्हणाल्या.

अप्पा धोतराच्या टोकानं चष्मा पुसत बसले, बराच वेळ...

आईनं मात्र विचारलंच, "मग वांगं चालेल?" बाई हसायलाच लागल्या. त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडं भरली वांगी, शेंगाचटणी, दही, सगळं एकदम झालं. मी इतकं जेवले की पोट पुन्हा दुखलं, पण ते साधं, सगळ्यांचं दुखतं तसं.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी. अक्कलदाढ काढायची होती. लहानपणी एक दात काढला तेव्हा तोंड भोपळ्याएवढं झालं होतं, म्हणून सगळेच धास्तावलेले. बाईंनी आधीपासून गोळ्या दिल्या, त्या दिवशी हॉस्पिटलातच, कमी असलेलं प्रथिन मिळावं म्हणून, प्लाझ्मा चढवला, आणि मग दाढ निघाली. संध्याकाळभर आई आणि अप्पा समोर बसून माझं तोंड बघत होते. मी जरा गाल हलवला की दोघं पुढं वाकायचे...

सकाळी आरशात बघितलं. माझंच तोंड. जरासा गाल दुखत होता, बस्स.

अप्पा त्या दिवशी धारवाडी पेढे घेऊन कामावर गेले. मुलीचं लग्न ठरलं का, म्हणून लोकांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "नाही. तिचं तोंड सुजलं नाही."

एवढ्या कारणासाठी अख्ख्या कारखान्याला पेढे वाटणारा बाप मला मिळाला... आणखी काय मागायचं माणसानं.